चावू नकोस

बँडमास्तरांनी पहिलं क्लॅरिनेट माझ्या हवाली केलं आणि त्याच आठवड्यात माझ्या खालच्या उजव्या दाढेनं डोकं वर काढलं. इतकी वर्षं आम्ही दोघी गुमान बसलो होतो, मी दुसऱ्या रांगेत आणि ती मागच्या कोपऱ्यात. एकीचं नशीब उघडल्यावर दुसरीला कसं राहवणार?

आमचा बँड म्हणजे गावातल्या हौशी लोकांचा बँड. दिवसा कुणी नळ जोडतं, कुणी शाळेत शिकवतं, मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. संध्याकाळी अग्निशमन दलाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर जमतो आणि खिडक्यांच्या काचा थरथरेपर्यंत वाजवतो. त्यात माझं काम दुसऱ्या क्लॅरिनेटचं. दुसरं क्लॅरिनेट कसं असतं सांगू? ते वाजलं तर कुणाला कळत नाही, नाही वाजलं तर मात्र सगळे मागे वळून बघतात.

पहिलं क्लॅरिनेट वाजवणारे गृहस्थ बदली होऊन गेले. नेमकी त्याच वर्षी मास्तरांनी स्वतः एक रचना बांधली होती आणि तिची सुरुवात होती एकट्या क्लॅरिनेटनं. ढोल नाही, ट्रम्पेट नाही, सभागृहातले दिवे गेलेले. अगदी खालच्या सुरावरून निघायचं, एका श्वासात हळूहळू वर चढायचं, वरचा सूर धरून ठेवायचा. मग एकच श्वास घ्यायचा आणि त्या श्वासावर पुढची लांबलचक ओळ वाजवायची. ती संपली की मग सगळा बँड कोसळणार.

"ही ओळ तुमची," मास्तर मला म्हणाले. मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागे कोण बसलंय ते. भिंत होती.

मी हरखून गेले. रस्त्यानं चालताना बोटं पर्सच्या पट्ट्यावर चालायला लागली. दुकानात एका आजोबांना आजींचा चष्मा देऊन बसले आणि तेही बिचारे "आता बरंच स्पष्ट दिसतंय" म्हणत निघून गेले. त्यांना धावत जाऊन गाठावं लागलं. घरी नवरा म्हणाला, "कार्यक्रम होईपर्यंत तुझ्या हातची भाजी मीच चाखून मग वाढत जाईन." चाखली त्यानं. मीठ दोनदा पडलं होतं.

आणि त्यात ही दाढ. मी शहाण्यासारखी लगेच डॉक्टरीणबाईंकडे गेले. कीड लागली होती. त्यांनी इंजेक्शन दिलं, घुर्रघुर्र करत कोरलं, भरलं, निळा दिवा धरून ते सिमेंट घट्ट केलं. शेवटी दाढांच्या मध्ये निळ्या कागदाची पट्टी सरकवली आणि म्हणाल्या, "चावा." मी चावलं. "घासा." घासलं. त्यांनी खुणा पाहिल्या. "उंच वाटतंय का कुठे?" अर्धं तोंड माझं नव्हतंच. ओठ कुणाचा तरी उसना आणून लावल्यासारखा लोंबत होता. "नाऽई," म्हटलं आणि घरी आले.

संध्याकाळी बधिरपणा उतरला. चहाचा पहिला घोट घेतला आणि ब्रह्मांड आठवलं. गार पाणी प्यायले तर डोळ्यांपुढे काजवे. पण ते एक वेळ सोडा, साधं तोंड मिटलं तरी कळ जायची. सगळ्या दातांच्या आधी ही बया पुढे येऊन टेकायची आणि तिथून ठणका थेट कानात. माणूस दिवसातून किती वेळा थुंकी गिळतो हे मला त्या दिवशी कळलं.

आणि क्लॅरिनेट? क्लॅरिनेटच्या तोंडीवर वरचे पुढचे दात टेकवायचे असतात. खाली वेताची पातळ पत्ती, तिच्याखाली आपला ओठ. फुंकलं की पत्ती थरथरते, तोंडी थरथरते, आणि तो थरथराट दातांवाटे सगळ्या कवटीत भरतो. एरवी मला तेच आवडतं, आपणच वाद्य झाल्यासारखं वाटतं. आता तो थरथराट डोक्यात इकडेतिकडे न फिरता सरळ त्या दाढेचं दार वाजवायला जायचा.

"दाढेचं काय एवढं कौतुक!" बाबा म्हणाले. बाबा आमच्याकडेच राहतात. "नवी चप्पल चावते, तशी नवी दाढ चावते. होईल सवयीची."

बाबांचं ऐकावं तर त्यांच्या तोंडात आता एकही दात स्वतःचा नाही. त्यांनी आयुष्यभर दुखणाऱ्या दाताला लवंग आणि डॉक्टरला पाठ दाखवली. एकेकाळी याच बँडचं पहिलं क्लॅरिनेट त्यांचं होतं. कवळी आली आणि त्यांना तोंडीचा थरथराटच जाणवेना. "आंधळ्यासारखं वाजवतोय," म्हणाले आणि एके दिवशी वाद्य पुसून कपाटात ठेवून दिलं. मला आणि याच बँडात वाजवणाऱ्या माझ्या नणंदेला, दोघींना त्यांनीच शिकवलं.

शिकवलं म्हणजे काय, तर दोन शब्द शिकवले. चावू नकोस. नवशिक्या माणसाला वरचा सूर लागला नाही की तो खालच्या जबड्यानं पत्ती आवळायला जातो. तेच चावणं. मग सूर सुकतो, नाहीतर चीं करून फाटतो. "वरचे दात नुसते टेकव. जबडा पुढे. हनुवटी सपाट. चावू नकोस!" माझं सगळं बालपण या आरोळीत गेलं. अभ्यासाला बसलं तरी शेजारच्या खोलीतून येई, "चावू नकोस!" आणि मी पेन्सिल तोंडातून काढायची. आई वैतागून म्हणायची, "अहो, जेवताना तरी चावू द्या तिला."

बुधवारच्या सरावात मी वरच्या सुरापर्यंत कशीबशी पोचले. तिथे ठणका असा उठला की जबडा आवळला गेला आणि सभ्य माणसांच्या खोलीत शेपटीवर पाय पडलेल्या मांजराचा आवाज निघाला. ढोलवाल्यांनी दात काढले. मला दातओठ खावेसे वाटले, पण तीही सोय राहिली नव्हती.

मास्तर भला माणूस आहे, पण त्यांची ती आयुष्यातली पहिली रचना होती. ते छडी खाली ठेवून म्हणाले, "शुक्रवारच्या सरावापर्यंत वाट बघतो. तेव्हा स्वच्छ निघालं नाही, तर शनिवारी ही ओळ तुमची नणंद वाजवेल. तिला मी तयारी करून ठेवायला सांगतो."

मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. आणि त्यापेक्षा जास्त वाटलं, मास्तरांना पोटात घ्यावं. एवढी वर्षं भिंतीला पाठ लावून बसल्यावर एक ओळ मिळाली होती. एक! ती हातची जाणार, तीही एका मुगाएवढ्या सिमेंटमुळे.

नणंद माझ्याहून बरीच लहान. मी तिला चिडवायला वन्सं म्हणते. ती आमच्या समोरच्याच इमारतीत राहते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते आणि समोरच्या खिडकीतून माझी ओळ ऐकू आली. स्वच्छ. खालून वरपर्यंत, कुठे खरचटलं नाही. कपडे तिथेच टाकले आणि चपला न घालता रस्ता ओलांडला.

"काय हो वन्सं," तिनं दार उघडलं तशी मी सुरू झाले, "माझ्या दाढेवर टपूनच बसला होतात का?"

"मास्तरांनी सांगितलं म्हणून वाजवतेय."

"आणि तुला नकोच आहे, नाही का?"

ती दारातून बाजूला सरली. "हवंय," म्हणाली. "खोटं कशाला बोलू? कुणाला नको असेल? पण असं नकोय वहिनी. तुझं दुखतंय म्हणून मला मिळालं, असं नको. तू पुन्हा डॉक्टरकडे गेलीस का?"

"पुन्हा कशाला? भरून झालीय की."

"अगं, सुतारानं दार बसवलं आणि ते घासायला लागलं तर तू काय दाराला सवय होईपर्यंत थांबतेस? त्याला परत बोलावतेस ना?"

मी तोंड उघडलं. त्यातून आत गार वारा गेला आणि मी तिथूनच फोन करून डॉक्टरीणबाईंची वेळ मागितली.

शुक्रवारी दुपारी दुकानातून सुटी घेऊन मी निघाले. सराव तिथूनच गाठायचा म्हणून क्लॅरिनेटची पेटी बरोबर घेतली. बाबाही तयार होऊन बसले होते. "तुला एकटीला पाहून त्या चार दाढा जास्तीच्या कोरतील," म्हणाले. हातात काठी घेऊन माझं रक्षण करायला निघाले. दवाखान्याच्या दारात मात्र त्यांची चाल मंदावली. आतून कोरायच्या यंत्राचा आवाज येत होता. भिंतीवर हातपाय असलेली एक दाढ ब्रश घेऊन हसत होती. बाबांनी तिच्याकडे दुष्मनासारखं पाहिलं आणि माझ्यामागून आत आले. कोपऱ्यातल्या स्टुलावर, भिंतीला चिकटून बसले.

डॉक्टरीणबाईंनी बारक्या दांडीनं एकेक दात ठोकून पाहिला. "हा? हा? आणि ही?" तिसऱ्या वेळी मी खुर्चीतून हातभर उडाले. मग त्यांनी हवेची एक फुंकर मारली. मी पुन्हा उडाले.

"आतली नस जिवंत आहे, हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण दाबल्यावर दुखतंय म्हणजे भरलेलं उंच राहिलेलं असणार. गंमत म्हणजे त्या दिवशी दाढेवर उंच असल्याची खूणच नव्हती." त्यांनी निळी पट्टी सरकवली. "चावा."

मी चावलं.

"अहो, चावा."

मी पुन्हा चावलं. त्यांनी पट्टी ओढली, ती अलगद सुटून हातात आली. "ही बघा, कोरीच आहे. तुम्ही चावत का नाही?"

"चावतेय की!"

"छे, तुम्ही नुसते पुढचे दात टेकवताय. चावा!"

"बरोबर करतेय ती!" कोपऱ्यातून बाबा कडाडले. स्टुलावरून उठून उभेच राहिले. "नुसते टेकवायचे! चावायचं नाहीच!"

मदतनीस मुलगी हातातला कापूस तसाच धरून राहिली. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला आणि बाबांकडे पाहिलं, मग माझ्या पायाशी ठेवलेल्या लांबट पेटीकडे.

"यात काय आहे?"

मी सांगितलं.

"काढा. इथेच बसून वाजवायला लागता तसं तोंड करून दाखवा."

मी तोंडी जोडली, ओठ दुमडला, दात टेकवले. त्या वाकून माझा जबडा खालून, बाजूनं, पुन्हा खालून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता वाद्य काढून घ्या. जबडा हलवू नका." मी वाद्य बाजूला केलं. त्यांनी आरसा माझ्यासमोर धरला. माझा खालचा जबडा पुढे सरकलेला होता आणि पुढचे दात एकमेकांच्या काठावर टेकलेले. मागे दाढांच्या मध्ये ऐसपैस फट होती.

"त्या दिवशी तुम्ही मला हेच तोंड दिलं होतंत!" त्या जवळजवळ ओरडल्या. "सगळं बधिर होतं, जबडा आपला ओळखीच्या जागी जाऊन बसला. आणि मी त्यावर दाढ बेतली! अहो बाई, हे तुमचं वाजवायचं तोंड आहे. मला जेवायचं तोंड हवंय!"

मला हसूही येत होतं आणि रडूही. म्हणजे मला काही झालेलंच नव्हतं! दाढ फुकट गेली नव्हती, नस मेली नव्हती, केसभर सिमेंट जास्त राहिलं होतं, बस्स! केसभर म्हणजे किती ते मी रोज भिंगावर बघते. पण आता गंमत अशी की मला चावता येईना. "चावा" म्हटलं की जबडा गपकन पुढे. मागे घ्यायला जावं तर कुठे ठेवायचा तेच आठवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सफरचंद आहे असं समजा. मग म्हणाल्या, कुणाचा तरी राग आठवा. मी मास्तरांना आठवलं, तरी जबडा पुढेच.

बाबा स्टूल सोडून खुर्चीपाशी आले होते. चेहरा उतरला होता. ज्या खोलीला ते आयुष्यभर घाबरले तिच्या मधोमध, त्या पांढऱ्या दिव्याखाली उभे होते आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

"बाळ," ते म्हणाले, "चाव."

मी त्यांच्याकडे पाहिलं. हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता.

"चाव म्हणतो ना मी! जोरात चाव!"

आणि मी चावलं. असली कळ गेली की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते सगळं काही कळेचं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी ओढली. ती अडकली होती. "सापडली!" त्या म्हणाल्या. दाढेच्या माथ्यावर शाईचा हा एवढा निळा डाग उमटला होता. तो त्यांनी आरशात बाबांनाही दाखवला. बाबा चष्मा वर करून बघत राहिले आणि आपल्याच मुलीला सोनं सापडल्यासारखे म्हणाले, "केवढा आहे!"

घुर्र. चावा. पुन्हा घुर्र. चावा. डाग लहान झाला, मग त्याचे दोन झाले, मग बारीक ठिपके राहिले. आणि एका क्षणी, तोंड मिटल्यावर, डावीकडच्या आणि उजवीकडच्या दाढा एकदम भेटल्या. टक. इतक्या दिवसांनी माझं तोंड पूर्ण मिटलं. जीव भांड्यात पडला. मी पुन्हा चावलं, टक टक टक टक, लहान पोरासारखी चावतच सुटले.

"पुरे, पुरे!" डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. "आता दाबल्यावरचं दुखणं लवकरच जाईल. गार हवेची कळ मात्र काही आठवडे येईल. दाढेला राग आलाय, शांत व्हायला वेळ लागणार."

"गार हवा म्हणजे श्वाससुद्धा?"

"तोंडानं घेतलात तर. नाकानं घ्या."

मी आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिला श्वास नाकानं सावकाश घेता येतो. पण मधला श्वास? डोळ्याचं पातं लवायच्या आत छाती भरायची, तीही तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून. नाकानं तेवढ्यात अर्धीसुद्धा भरत नाही.

संध्याकाळच्या सरावाला खिडक्या बंद होत्या, एवढी माणसं कोंबलेली, हवा उबदार. दाढ थोडी कुरकुरली, पण ओळ निघाली. संपूर्ण. मास्तर नुसते चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "उद्या तुम्हीच." मी वन्संकडे पाहिलं. तिनं माझ्या ओळीचा कागद घडी करून पेटीत ठेवला, आणि मग ती इतक्या मोकळेपणानं हसली की मलाच माझ्या त्या अनवाणी जाण्याची लाज वाटली.

शनिवारी सभागृहात पाऊल टाकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. रंगमंचावर गारेगार हवा सुटली होती. बरोबर माझ्या खुर्चीच्या डोक्यावर यंत्राची जाळी. तिथल्या माणसाला मी हात जोडले. तो म्हणाला, "बाई, हे बंद केलं तर वर बसलेली माणसं उकडून निघतील. सगळ्यांचं एकच बटण आहे." वन्सं त्याच्याशी भांडायला गेली. तीही हात हलवत परत आली.

"काय करणार आहेस?" तिनं विचारलं.

"वाजवणार आहे," म्हटलं. छाती इतकी धडधडत होती की मला वाटलं, ढोलवाल्यांनी वेळेआधीच सुरू केलं. भीती होती, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंदच जास्त होता. मला पळून जायचं नव्हतं. मला लवकर सुरू करायचं होतं.

दिवे गेले. समोर काळोखात खाकरण्याचे आवाज, मग तेही थांबले. पहिल्या रांगेत बाबा होते, एवढं ठाऊक होतं. नाकानं सावकाश हवा भरली. खालचा सूर निघाला, जाडसर, उबदार, आणि मी चढायला लागले. घाई केली नाही. एकेक सूर मागच्यातून सोडवून घेत वर गेले. कवटीत थरथराट भरला आणि दाढेशी जाऊन मुकाट परत फिरला. वरचा सूर लागला. तो मी धरला आणि धरूनच ठेवला.

आता श्वास.

चिमूटभर हवा घेऊन पुढची ओळ मध्येच तोडता आली असती. मास्तर सोडल्यास कुणाला कळलंही नसतं. दुसरं क्लॅरिनेट असते तर मी तेच केलं असतं. मी तोंडाचे दोन्ही कोपरे सताड उघडले आणि ती सगळी गार हवा आत घेतली. कळ डोळ्यापर्यंत गेली, टाळूतून वर निघाली. जबडा आवळायला धावला. मी त्याला आवळू दिलं नाही. छातीत हवा मावेनाशी झाली होती आणि त्या हवेवर ती लांबलचक ओळ अशी सुटली, अशी सुटली, की दुखतंय ते ऐकायला मी मागे थांबलेच नाही. ओळ संपली. मागून अख्खा बँड कोसळला.

पुढचं मला नीट आठवत नाही. शेवटचा ठोका पडला, दिवे आले, टाळ्यांचा कडकडाट उठला. आमच्याकडे हातात वाद्यं असतात, म्हणून एकट्यानं वाजवणाऱ्याला आम्ही बसल्या जागी पाय आपटून दाद देतो. मास्तरांनी छडी आमच्या रांगेकडे केली तसे सगळे पाय आपटायला लागले, आणि मीही मन लावून पाय आपटायला लागले. इतकी वर्षं तेच करत आले होते.

मागून वन्संनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. "अगं वहिनी, तू कुणासाठी आपटतेयस? ऊठ! तुझ्यासाठी आहे ते!"

मी उठले. आणि मला इतकं हसू आलं की ते ओठांत मावेना, तोंड कानापर्यंत उघडलं. डोक्यावरची गार हवा सरळ दाढेवर येऊन बसली. म्हटलं, लागू दे.